घरभाडे भत्ता: पावती फाडण्याआधी

पोरी, पगाराच्या स्लिपवर ‘घरभाडे भत्ता 16,000’ असं दिसलं म्हणून तेवढी सगळी रक्कम करमुक्त झाली, असं धरून चालू नकोस. लेखा शाखेत नोकरी केली तेव्हा नव्याने लागलेल्या मुलांना मी सगळ्यांत आधी हेच सांगायचो.

पहिलं काम म्हणजे करपद्धत ठरवणं. 2023-24 पासून तू काही कळवलं नाहीस तर ऑफिस नवी पद्धत लावतं, आणि तिथे या भत्त्यावर सूटच नाही. दोन्ही पद्धतींनी कर काढून बघ. नवीत कमी बसत असेल तर पावत्यांच्या मागे धावू नकोस.

जुनीत राहायचं ठरलं तर 2025-26 च्या हिशोबाला 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 10(13अ) लागतं. तीन आकडे काढायचे: मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा जाता उरलेली रक्कम, आणि पगाराचे 40 टक्के. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत राहत असशील तर 40 ऐवजी 50. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा ती सूट. इथे पगार म्हणजे मूळ वेतन, आणि निवृत्तिवेतनासाठी धरला जात असेल तर महागाई भत्ता. हातात येणारी रक्कम नव्हे.

तुझंच घे. पुण्यात राहतेस, मूळ वेतन 40,000, भत्ता 16,000, भाडं 15,000. चाळीस टक्के म्हणजे 16,000. भाड्यातून 4,000 गेले की उरले 11,000. सूट 11,000 ची. उरलेल्या 5,000 वर दरमहा कर.

2025-26 च्या हिशोबात पुण्याला 50 टक्के नाहीत म्हणून लोक कुरकुरतात. पण भाडं मूळ वेतनाच्या निम्म्याहून कमी असेल तर 40 काय नि 50 काय, फरक पडत नाही. तुझा 11,000 चा आकडा मुंबईतही तोच राहिला असता.

ऑक्टोबरात बढती मिळून मूळ वेतन 45,000 झालं, भाडं तेच राहिलं, तर वजावट 4,500 होईल आणि सूट 10,500 वर येईल. भत्ता वाढेल, सूट घटेल. म्हणून वर्षाची सरासरी काढू नकोस. पगार, भाडं किंवा गाव बदललं की तिथून पुढचा हिशोब वेगळा मांड.

आता कागद. आपल्याकडे करार बहुतेक अकरा महिन्यांचा, त्यामुळे एका आर्थिक वर्षात दोन करार येतातच. दोन्ही जपून ठेव. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणजे महिना 8,333 च्या पुढे. बरेच मालक आयत्या वेळी हात वर करतात, तेव्हा डिपॉझिट देण्याआधीच विचारून घे. डिपॉझिट भाड्यात धरत नाहीत. मैत्रिणींबरोबर राहत असशील तर करारावर सगळ्यांची नावं हवीत आणि आपला वाटा आपल्याच खात्यातून जायला हवा.

आईवडिलांच्या घरात राहून त्यांना भाडं देता येतं, मात्र पैसे खरोखर बँकेतून गेले पाहिजेत आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवले पाहिजेत. खोटी पावती कोणी कितीही आग्रहाने पुढे केली तरी घेऊ नकोस. तुझा दावा आणि मालकाचं उत्पन्न दोन्ही पॅनला जोडलेले असतात. नोटीस तुझ्या नावाने येते, पावती करून देणाऱ्याच्या नाही.

पुरावे द्यायची ऑफिसची तारीख हुकली तरी घाबरू नकोस, सूट विवरणपत्रात मागता येते. ते मात्र मुदतीतच भर. मुदत टळली तर जुनी पद्धत त्या वर्षापुरती निवडता येत नाही.