रिकाम्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल का तुटला?

प्रश्न : आमची ट्रॉली सात हंगाम कारखान्याला ऊस वाहते आहे. गेल्या फेब्रुवारीत ऊस उतरवून परत येताना, चांगल्या डांबरी रस्त्यावर, अ‍ॅक्सल चाकाजवळ तुटला. भरलेली असताना कधी काही झाले नाही आणि रिकामी असताना तुटली! वडील म्हणतात, आपण जास्त भरत होतो. गॅरेजवाला म्हणतो, लोखंडच हलके होते. तुटलेला तुकडा मी ठेवला आहे. त्याच्या तोंडाचा खालचा बराचसा भाग काळपट, गुळगुळीत आहे आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेघा आहेत. वरच्या कडेला थोडा भाग चकचकीत, दाणेदार आहे. खरे कोणाचे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुकडा ठेवलात हे फार चांगले केलेत. बहुतेक ठिकाणी तो त्याच दिवशी भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर सगळा पुरावाही जातो. तुमच्या वर्णनावरून एवढे नक्की सांगता येते की तो अ‍ॅक्सल फेब्रुवारीतल्या त्या दिवशी फक्त सुटा झाला. तुटायला त्याने फार आधी सुरुवात केली होती, कदाचित एक-दोन हंगाम आधी.

बांधकामावर सळया बांधणाऱ्यांकडे पाहा. बाइंडिंगची तार हाताने ओढून तुटत नाही, पण एकाच जागी इकडून तिकडे पाच-सहा वेळा वाकवली की कट्‌कन मोडते. प्रत्येक वाकवण्याला लागलेला जोर ओढून तोडायला लागणाऱ्या जोरापेक्षा कितीतरी कमी असतो. अ‍ॅक्सलचे तेच होते. फरक इतकाच की तार आपण कायमची वाकवतो, तर अ‍ॅक्सल दिसणारही नाही इतका लवतो आणि परत सरळ होतो. म्हणून तार पाच-सहा फेऱ्यांत जाते आणि अ‍ॅक्सलला लाखो लागतात. इंजिनिअर याला ‘फटीग’ म्हणतात, म्हणजे धातूचा थकवा. हा शब्द मला पुरता पटत नाही. माणसाचा थकवा रात्रभराच्या झोपेने उतरतो. धातूचा उतरत नाही. सहा महिने शेडमध्ये उभी राहिलेली ट्रॉली होती तिथूनच पुढे मोजायला लागते.

पोलादाच्या आत बारीक बारीक कण असतात आणि त्या कणांत अणूंचे थर. अ‍ॅक्सल लवतो तेव्हा पृष्ठभागावरच्या काही अडचणीच्या कणांत हे थर एकमेकांवर किंचित घसरतात. ताण उतरला की परत येतात, पण नेमके पहिल्या जागी येत नाहीत. १९०३ साली इंग्लंडमध्ये युइंग आणि हम्फ्री यांनी स्वीडिश लोखंडाचे नमुने उलटसुलट वाकवत मधून मधून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आधी कणांवर बारीक रेघा उमटल्या, मग त्या रुंद झाल्या आणि शेवटी त्यांतल्याच काहींच्या चिरा झाल्या. नमुना बाहेरून मात्र धडधाकट दिसत होता.

आता तुमचा तुकडा हातात घ्या. तुमच्या ट्रॉलीत चाक फिरते, अ‍ॅक्सल फिरत नाही. ओझे आतल्या बाजूने खाली दाबते, चाक बाहेरून वर रेटते, त्यामुळे अ‍ॅक्सलच्या खालच्या अंगाला ओढ बसते. चीर ओढीच्या बाजूला पडते आणि तुमचा गुळगुळीत भाग खालीच आहे. चिरेच्या दोन बाजू प्रत्येक हादऱ्याला उघडतात, मिटतात, एकमेकींवर घासतात. गुळगुळीतपणा त्यातून येतो, आणि काळपटपणा आत शिरलेल्या ओलीचा. शिंपल्यासारख्या रेघा म्हणजे चीर जिथे जिथे थबकली किंवा तिची चाल बदलली त्या जागा. उसाच्या ट्रॉलीत ही गोष्ट मला विशेष वाटते. गाळप संपले की ट्रॉली पावसाळाभर उभी राहते, चीर थांबते, तिच्या टोकाशी गंज धरतो. पुढच्या हंगामात ती पुन्हा चालू लागते. तुमच्या ठळक रेघांतल्या काही अशा पावसाळ्यांच्या असू शकतात. वरचा दाणेदार भाग, गुळाची ढेप फोडल्यावर दिसतो तसा, तेवढाच फेब्रुवारीत तुटला.

त्या दाणेदार भागाच्या आकारातच तुमच्या घरातल्या वादाचे अर्धे उत्तर आहे. अ‍ॅक्सल थेट ओझ्याने मोडला असता तर हा भाग मोठा असता. तो छोटा आहे, याचा अर्थ शेवटी अगदी थोडे पोलाद सगळा भार पेलत होते आणि तरीही पेलत होते. रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा जास्त उसळते हे तुम्ही ओढताना अनुभवले असेल. तसा एखादा साधा हादरा पुरला.

तरी वडिलांना चूक म्हणू नका. एकदा पडलेली चीर किती वेगाने वाढते हे ताणाच्या चढउताराच्या साधारण तिसऱ्या घातावर अवलंबून असते. ताण दुप्पट झाला तर चीर दुप्पट नव्हे, जवळजवळ आठपट वेगाने वाढते; दीडपट झाला तर तिपटीहून अधिक. जादा भरण्याने त्या दिवशी अ‍ॅक्सल मोडला नाही, पण त्याचे आयुष्य नक्की खाल्ले.

गॅरेजवाल्याचे खरे की नाही ते एका ठिपक्यावर ठरेल. शिंपल्याच्या रेघा ज्या बिंदूभोवती फिरतात तिथे भिंग लावा. तिथे पोलादात अडकलेला धातुमळीचा काळा कण दिसला तर माल सदोष होता. पण माझा अंदाज वेगळा आहे. तुटले चाकाजवळ, म्हणजे जाड अ‍ॅक्सल बेअरिंगच्या जागेसाठी बारीक केलेला असतो त्या खांद्यापाशी. हा खांदा लेथवर काटकोनात उतरवला असेल, कोपऱ्यात गोलाई ठेवली नसेल, तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. सपाट पट्टीला नुसते गोल भोक पाडले तरी भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. टोकदार कोपऱ्यात याहूनही वाढतो. लेथच्या हत्याराचा ओरखडा, वेल्डिंगचा ठिपका, गंजाचा खड्डा, यांतले काहीही चिरेला पुरते.

ही खांद्याची गोष्ट जगाला फार महाग पडून कळली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, मागचे डबे त्यावर चढले आणि आग लागली. डब्यांची दारे त्या काळी बाहेरून बंद करत. पन्नासहून अधिक माणसे गेली. वापरून वापरून लोखंडाचा पोत बदलतो, ते स्फटिकासारखे ठिसूळ होते, अशी तेव्हाची समजूत होती. रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने पुढच्याच वर्षी तुटलेल्या आसांचा अभ्यास मांडून दाखवले की पोत जिथल्या तिथे असतो. चीर खांद्याच्या कोपऱ्यातून सुरू होऊन हळूहळू आत शिरते. खांद्याला गोलाई द्या, असे त्याने सांगितले. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. मग प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलरने वर्षानुवर्षे यंत्रावर आस फिरवून तोडले आणि १८७०पर्यंत दाखवून दिले की किती मोठा ताण आला यापेक्षा तो किती वर-खाली होतो आणि किती वेळा, हे महत्त्वाचे. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते टिकते, हेही त्याच्याच प्रयोगांतून पुढे आले. पण ही सवलत स्वच्छ, कोरड्या पोलादाची आहे. चिखलात, ओल्या रानात राबणाऱ्या गंजक्या अ‍ॅक्सलला ती धरू नये.

अ‍ॅल्युमिनियमला तर अशी ठळक मर्यादाच नाही. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची, अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाची दोन प्रवासी जेट विमाने तीन महिन्यांच्या आत इटलीजवळच्या समुद्रावर आकाशात फुटली. प्रत्येक उड्डाणात केबिन हवेने फुगते आणि उतरताना सैल होते, म्हणून इंग्लंडमधल्या फार्नबरोला तिसरे कॉमेट प्रचंड टाकीत पाण्याखाली ठेवून त्यात पाणी भरत-सोडत राहिले. प्रत्यक्ष उड्डाणे धरून ३,०५७व्या फेरीला ते फाटले. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत छतावरच्या अँटेनाच्या खिडकीपाशी, एका रिव्हेटच्या भोकाजवळ, तुमच्या तुकड्यासारखीच जुनी चीर सापडली.

आता कामाचे. तुटलेला अ‍ॅक्सल वेल्ड करून वापरू नका. वेल्डच्या कडेला पोलाद कडक आणि ठिसूळ होते आणि तिथेच नवी चीर पडते. नवा करून घेताना लेथवाल्यासमोर उभे राहून खांद्याला गोलाई ठेवायला आणि ती जागा पॉलिश करायला सांगा. ट्रॉलीला दुसरा अ‍ॅक्सल असेल तर त्याने तितकेच हंगाम पाहिले आहेत, त्यामुळे त्याचे खांदे आजच तपासा. जागा घासून लख्ख करा, रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडे पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते.

प्रश्न : लहानपणी स्टेशनवर गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याच्या हातोडीने चाकांवर टकटक करत जायचा. तो काय ऐकत असे?
– एक वाचक, मनमाड

उत्तर : उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटाने वाजवून जे ऐकतो, तेच. धड माठ खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. चाकही तसेच. मात्र आवाज बदलायला चीर बरीच मोठी व्हावी लागते, आणि आसाची सर्वांत नाजूक जागा असते चाक जिथे आसावर दाबून बसवलेले असते त्याच्या आत. तिथे ना डोळा पोचतो, ना हातोडी. रेल्वेचा आस चाकाबरोबर फिरतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात त्याची वरची बाजू खाली येते आणि दाब-ओढ उलटते. नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे धरले तर पुणे ते मुंबई या १९२ किलोमीटरांत असे सुमारे ६७ हजार फेरे होतात. पंधरा खेपांत दहा लाख. म्हणून आता कार्यशाळेत आसाच्या टोकाकडून अल्ट्रासाउंड आत सोडतात आणि वाटेत कुठे चीर असेल तर तिच्यावरून परत येणारा प्रतिध्वनी पडद्यावर पाहतात. वाजवून पाहणे तेच राहिले, आवाज मात्र आपल्या कानांना ऐकू येणार नाही इतका बारीक झाला.