पनीर वितळत का नाही?

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारातून संध्याकाळी कपड्यांच्या ढिगांमधून वाट काढत बाहेर पडलं, की कुठून तरी तंदूरचा वास येतो. सळईवर पनीर टिक्का, शेजारी सोया चाप. पनीरचे तुकडे कडेने काळे पडतात, पण सळईवरून गळत नाहीत. पिझ्झ्यावरचं चीज मात्र तेवढ्याच आचेवर वितळून तार धरतं. दोन्ही दुधाचेच पदार्थ, मग हा फरक कुठून आला? अकरावी-बारावीच्या ज्या मुलामुलींना हा प्रश्न पडतो आणि उत्तर मिळेपर्यंत चैन पडत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ‘एवढे मार्क मिळवून शेवटी पनीरच करायचं का?’ असं विचारणाऱ्या त्यांच्या आईबाबांसाठीही आहे. इथल्या सरकारी क्वार्टर्समधल्या मराठी घरांत हा सवाल मी अनेकदा ऐकला आहे. त्यामागची काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

पनीरसाठी दूध ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि मग आंबट घालून नासवतात. एवढं तापल्यावर एरवी निवळीत वाहून जाणारी प्रथिनं केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात. आंबटामुळे केसीनच्या कणांमधलं बरंचसं कॅल्शियम सुटून पाण्यात जातं. मागे राहतं ते एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या प्रथिनांचं जाळं, जे आचेवर वाहत नाही. पिझ्झ्यावरचं मोझरेला रेनेट या विकराने जमवतात. त्याची वीण कॅल्शियमच्या आधाराने उभी असते. ती तापली की सैल पडते.

वितळत नाही म्हणून पनीर मांसाच्या जागी सळईवर चालतं, पण त्याला मांसाची सर येत नाही. दाताखाली पनीर भुरभुरतं, मांसाला धागा असतो. हा धागा दुधातून काढण्याचं काम नेदरलँड्समध्ये झालं. तिथल्या कँपिना या दुग्धसंस्थेने २००५मध्ये ‘वालेस’ हा पदार्थ बाजारात आणला. दुधाच्या प्रथिनात समुद्री शेवाळातून मिळणारं अल्जिनेट मिसळायचं. अल्जिनेटला कॅल्शियम भेटलं की ते लगेच घट्ट होतं, म्हणून दुधातलं कॅल्शियम आधी फॉस्फेटने बांधून ठेवायचं. मग बाहेरून कॅल्शियमचं द्रावण दिलं की धागे तयार होतात, आणि उकळले तरी ते विरघळत नाहीत. तिथल्याच वाखेनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७मध्ये दुसरी वाट दाखवली: केसीनच्या दाट लगद्याला विकराची जोड देऊन, फिरत्या यंत्रात एकाच दिशेने ताणून तंतू काढले. पहिल्या वाटेत रसायनशास्त्र पुढे आहे, दुसरीत यंत्रशास्त्र. या क्षेत्राला दोन्ही लागतात.

दुधाच्या अशा मांसासारख्या पदार्थाला आपल्याकडे जागा आहे, असं मला ठामपणे वाटतं. २०२३-२४मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध झालं. इतकं दूध जगात दुसऱ्या कुठल्याही देशात होत नाही. आणि सोमवार, गुरुवार, श्रावण पाळणारी, पण एरवी मटणाचा रस्सा ओरपणारी आपली असंख्य घरं आहेत. त्यांना हवा असलेला तुकडा तांबड्या रश्श्यात अर्धा तास उकळून टिकला पाहिजे आणि मसाला आतपर्यंत मुरला पाहिजे. युरोपातला पदार्थ जसाच्या तसा आणून हे साधेलच असं नाही. म्हशीचं दूध, आपला मसाला, आपली आच यांवरच काम करावं लागेल.

आता हे शिकण्याच्या वाटा. दिल्लीकरांना सगळ्यात सोयीची जागा कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था. १९२३मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या या संस्थेचं मुख्यालय १९५५मध्ये कर्नालला आलं. तिथल्या डेअरी टेक्नॉलॉजीच्या बी.टेक.ला सीयूईटीतून प्रवेश मिळतो. सोनिपतजवळ कुंडलीला निफ्टेम ही अन्नतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे जेईई मेन लागते. महाराष्ट्रात उदगीर आणि पुसदजवळ वरूड इथे डेअरी टेक्नॉलॉजीची महाविद्यालयं आहेत, परभणीत अन्नतंत्र महाविद्यालय, माटुंग्याला आयसीटी ही रसायन तंत्रज्ञान संस्था. बदलीच्या नोकरीतल्या पालकांनी अधिवासाची अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आधी वाचावी. ऐन प्रवेशाच्या वेळी कागदासाठी धावपळ नको. आणि अकरावीत गणित सोडू नका. ‘डॉक्टरकीच करायची आहे’ म्हणून गणित सोडलेल्या मुलांना नंतर डेअरी टेक्नॉलॉजीचं दार बंद होताना मी पाहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. पदवी हाती येताच कोणी नवं उत्पादन घडवायला बसवत नाही. पहिली काही वर्षं बहुधा डेअरीच्या प्लांटमध्ये जातात: पहाटेची पाळी, दुधाच्या टँकरची तपासणी, गुणवत्ता विभागातल्या नोंदी. संशोधनाच्या जागा थोड्या असतात आणि तिथे एम.टेक. झालेल्यांना प्राधान्य मिळतं. कायदाही शिकावा लागतो. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकाप्रमाणे पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि कोरड्या भागात निम्मं तरी दुधाचं स्निग्ध लागतं. दुधात दुसरं काही मिसळून केलेल्या पदार्थाला पनीर म्हणता येत नाही. ज्यांना हे सगळं कंटाळवाणं वाटेल, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

मुलांचा कल ओळखायला महागड्या चाचणीची गरज नाही. येत्या रविवारी त्यांच्या हाती दोन लिटर म्हशीचं दूध, एक थर्मामीटर, वजनकाटा आणि लिंबं द्या. एक लिटर ६५ अंशांवर नासवायचं, दुसरं ९० अंशांपर्यंत तापवून. दोन्ही पनीर सारख्याच वजनाखाली दाबायची, तोलायची, रश्श्यात वीस मिनिटं उकळायची आणि पुन्हा तोलायची. आकडे वहीत लिहू द्या, आणि सोमवारी न सांगता ती वही पुन्हा उघडली जाते का, एवढं बघा.