पाण्याचा पारा आणि गळाचे आमिष

डॅलसच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शनिवार-रविवारच्या भटकंतीसाठी पूर्व टेक्ससमधील लेक फोर्क हा जलाशय सोयीचा आहे. आणि तेथे जाऊन नुसते काठावर बसण्यापेक्षा बाससाठी गळ टाकावा अशी ज्यांना इच्छा होईल, त्यांनी आमिषांच्या दुकानात शिरण्यापूर्वी एक साधा तापमापक खरेदी करून तो दोरीने पाण्यात सोडावा. मोठ्या तोंडाचा बास हा शीतरक्ताचा जलचर असल्याने त्याची भूक, त्याची चपळाई आणि त्याचे वसतिस्थान या तिहींवर अंमल चालतो तो पाण्याच्या उष्णतेचा, आपल्या अंगाला जाणवणाऱ्या हवेचा नव्हे. आणि हवा झपाट्याने तापली वा निवली तरी पाणी आपल्या सावकाश गतीनेच तिच्यामागून जाते.

पहाटे पृष्ठभागावर आणि दुपारी खोल, हा जो शिरस्ता नवशिक्यांना पढवला जातो, तो केवळ उन्हाळ्यापुरता खरा आहे. जुलैमध्ये रात्रभरात वरचे पाणी थोडे निवते, उजेड मंद असतो आणि शॅड जातीचे लहान मासे पृष्ठभागाजवळ फिरतात. अशा वेळी पाण्यावर डुबुक-डुबुक आवाज करीत येणारा पॉपर किंवा पंख्याने पाणी घुसळणारा बझबेट वापरावा. ऊन चढले, की बास बुडालेल्या झाडांच्या, पाणवनस्पतींच्या वा धक्क्याच्या सावलीला सरकतो, अथवा खोल कंगोऱ्यांवर उतरतो. तेव्हा गळाचे टोक अंगातच लपवलेला मऊ प्लॅस्टिकचा वर्म तळावरून हळूहळू ओढणे, किंवा खोल बुडी मारणारा क्रँकबेट फिरवणे श्रेयस्कर. मात्र खोल म्हणजे अगदी तळ, असा अर्थ कोणी करू नये. उन्हाळ्यात वरचा उष्ण थर आणि खालचा थंड थर परस्परांत मिसळत नाहीत, खालच्या थरातील प्राणवायू क्रमाने संपत जातो, आणि त्या गारव्यात बास राहू शकत नाही. तेथे सोडलेले आमिष कितीही महागडे असले तरी व्यर्थ.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हे सारे वेळापत्रक उलटते. पहाटेची लगबग तेव्हा निष्फळ असते, आणि उशिरापर्यंत झोपणाऱ्यांना, माझ्यासारख्यांना, हा ऋतू विशेष प्रिय वाटावा. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास असता सकाळी जर्कबेटला एक झटका देऊन तो कित्येक सेकंद निश्चल ठेवावा, किंवा जड डोक्याच्या गळाचा जिग तळावर जवळजवळ पडू द्यावा. कारण गारठलेला बास पाठलाग करण्याचा खटाटोप करीत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमारास उत्तर काठावरच्या, दक्षिणेचे ऊन घेणाऱ्या उथळ खाड्यांकडे वळावे. तेथील दगड व लाकडे उष्णता धरतात, पाणी काही अंशांनी चढते, आणि मासा ओटीवर ऊन खात बसलेल्या वृद्धासारखा तेथे येऊन थांबतो. आता तांबड्या रंगाचा, खुळखुळणारा, पुढे बुडी मारणारी पट्टी नसलेला क्रँकबेट गवताच्या माथ्यावरून न्यावा. तो रंग तेथील चिंगाटीची आठवण करून देतो. पाणी ६० अंशांच्या वर स्थिरावले, की विणीसाठी मासे उथळात येतात. याच जलाशयात जानेवारी १९९२ मध्ये १८.१८ पौंडांचा, राज्याचा विक्रमी बास मिळाला, हे थंडीला निरुपयोगी मानणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

आभाळ भरलेले असेल आणि वारा पाण्यावर लाटा उठवीत असेल, तर ऋतू कोणताही असो, फिरत्या पात्यांच्या स्पिनरबेटला दिवसभर मुभा आहे. परंतु शीत वाऱ्याची लाट येऊन गेल्यावर निरभ्र आकाशाखाली मासे तोंड मिटून बसतात. तेव्हा आमिषाचा आकार लहान करावा आणि हात आणखी संथ.

सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना सामान्यतः मासेमारीचा परवाना लागतो, आणि एका दिवसापुरताही तो मिळतो. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधील बास ठेवून घेण्यास मनाई असून २४ इंच वा त्याहून लांब असा एकच मासा दिवसाकाठी घेता येतो, म्हणून मोजपट्टी जवळ असू द्यावी. भर उन्हाळ्यात मोजणी हात ओले करून, त्वरेने उरकावी, कारण उष्ण पाण्यात आधीच दमलेला मासा हवेत फार वेळ तग धरीत नाही.