ऑर्डरचे अ‍ॅप गिऱ्हाइकाच्या फोनवर चालते का?

व्यापारी बंधूंनो, कापड, चामडे, फर्निचर अशा धंद्यांतील अनेकजण हल्ली ऑर्डर घेण्यासाठी स्वतःचे अ‍ॅप बनवून घेतात. बनविणारा आपल्या फोनवर ते चालवून दाखवतो, आपण पैसे चुकते करतो, आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांची तक्रार सुरू होते: ‘चालत नाही.’ अशा वेळी बनविणाऱ्याला लबाड ठरविण्याची घाई करू नये. त्याच्या फोनवर ते खरोखरच चालते.

अडचण आहे ती फोनांच्या निरनिराळ्या तऱ्हांची. अँड्रॉइडचा पहिला फोन 2008 साली बाजारात आला. पुढे आवृत्त्या बदलत गेल्या, पण जुने फोनही वापरात राहिले. 2015 च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेऱ्याची परवानगी वापरतेवेळी मागितली जाऊ लागली. गिऱ्हाइकाने ती नाकारल्यास काय करायचे, हे अ‍ॅपमध्ये ठरविलेले नसेल तर मालाचा फोटो काढताना ते बंद पडू शकते. काही फोन बॅटरी वाचविण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात. मग ऑर्डर येऊनही घंटी वाजत नाही. सर्वांत फसवी बाब अक्षरांची. नजर कमी झालेले बुजुर्ग अक्षरे मोठी करून ठेवतात आणि ‘पाठवा’ हे बटण पडद्याखाली निघून जाते. मालाची नावे उर्दूत असतील तर ओळ उजवीकडून व आकडे डावीकडून वाचायचे असतात. तेथे भाव आणि नग यांची अदलाबदल झाली तर नुकसान आपलेच.

तपासणीसाठी दहा फोन विकत घ्यावे लागत नाहीत. नेहमीच्या पाच-सहा गिऱ्हाइकांना विनंती करावी. त्यांत एक जुना फोन, एक स्वस्तातला, एक आयफोन व एक मोठ्या अक्षरांचा असावा. प्रत्येकावर माल निवडण्यापासून पावती मिळेपर्यंत पूर्ण व्यवहार करून पाहावा. मध्येच इंटरनेट बंद करूनही पाहावे.

दोष, म्हणजे ‘बग’, आढळला की वहीत लिहावा. (1947 साली अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-2 या संगणकात अडकलेला पतंग तेथील लोकांनी नोंदवहीतच चिकटवून ठेवला होता!) नोंद अशी असावी: ‘क्र. 7. फोनचे मॉडेल अमुक, अँड्रॉइड 11, अ‍ॅपची आवृत्ती 1.3, अक्षरे मोठी. तीन नग निवडून ‘पुढे’ दाबले. पत्त्याचा रकाना यायला हवा होता. पडदा पांढरा झाला. तीनदा केले, तीनदा तसेच.’ सोबत पडद्याचा फोटो जोडावा. एवढ्यावर बनविणारा तोच दोष आपल्याकडे पुन्हा घडवून पाहू शकतो. ‘चालत नाही’ एवढ्या निरोपावर तो काहीच करू शकत नाही.

पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली नाही, असा दोष आधी दुरुस्त करून घ्यावा. फिका रंग थांबू शकतो. ‘दुरुस्त झाले’ असे कळले तरी त्याच फोनवर, त्याच क्रमाने पाहिल्याशिवाय नोंदीवर काट मारू नये. बाकीचे फोनही पुन्हा पाहावेत, कारण एक दुरुस्ती दुसरे काही बिघडवते.

मात्र कोणत्या फोनांवर व कोणत्या आवृत्तीपासून पुढे अ‍ॅप चालले पाहिजे, हे काम देतानाच करारात लिहून घ्यावे आणि शेवटचा हप्ता या तपासणीनंतरचा ठरवावा. नंतर वाद घालून दोघांचाही वेळ जातो.