लष्करी ट्रेलरमधून शेतावरील चारचाकी गाडी नेताना भाराची मांडणी

अमेरिकेच्या मोंटाना, वायोमिंग, नेब्रास्का इत्यादी राज्यांत गुरांची कुरणे विस्तीर्ण असून एकाच शेतकऱ्याच्या वहिवाटीतील जमिनी पुष्कळदा परस्परांपासून दूर असतात. कुंपणाची पाहणी, गुरे वळविणे, तुरळक उगवलेल्या तणांवर औषध फवारणे ही कामे तेथे एका लहान चारचाकी मोटारगाडीवर बसून केली जातात. मोटारसायकलीसारखी मूठ, रुंद व कमी हवेची चाके आणि कोणत्याही जमिनीवर चालण्याची क्षमता ही या गाडीची लक्षणे होत. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ए. टी. व्ही. म्हणतात. होंडा कंपनीने १९७० साली आणलेली या जातीची गाडी तीन चाकांची होती. ती कलंडून अपघात फार होऊ लागले, म्हणून १९८८ साली अमेरिकन सरकार व उत्पादक यांच्यात झालेल्या तडजोडीने तीनचाकीची विक्री बंद झाली व चारचाकीच शिल्लक राहिली.

ही गाडी सार्वजनिक हमरस्त्यावर चालविण्यास बहुधा मनाई असते. यास्तव एका शेतावरून दुसऱ्या शेतावर नेताना ती ट्रेलरमध्ये चढवून न्यावी लागते. या कामी लष्कराने लिलावात काढलेले जुने ट्रेलर तेथील शेतकरी आवडीने घेतात. जाड पत्रा, दणकट कमानी आणि माफक किंमत हे त्याचे कारण होय. मात्र लष्करी रंग पाहून हा ट्रेलर वाटेल तो भार वाहील अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे.

जीपमागे जोडण्याचा ट्रेलर ‘पाव टनी’ म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धातील बँटम कंपनीचा ट्रेलर आणि पुढील काळातील एम ४१६ हे दोन्ही या वर्गातील. त्यांची पेटी पाणी न शिरणारी असल्यामुळे नदी ओलांडताना ट्रेलर तरंगत असे. ही सोय शेतकऱ्याला मात्र अडचणीची ठरते. कारण अशा पेटीला मागे उघडणारा फाळका नसतो. शिवाय पेटीची रुंदी सव्वातीन फुटांच्या आसपास, तर मोठ्या चारचाकीची रुंदी सुमारे ४ फूट. पाव टन म्हणजे ५०० पौंड, अर्थात सुमारे २२७ किलो; आणि चारचाकीचे वजन बहुधा २७० ते ३५० किलो भरते. काही जण पेटीच्या काठांवर आडव्या फळ्या टाकून गाडी त्यांवर उभी करतात. तसे केल्याने भार मर्यादेबाहेर जातोच, शिवाय तो उंचावर गेल्यामुळे वळणावर ट्रेलर कलंडण्याचा संभव वाढतो. ही युक्ती मुळीच अनुसरू नये.

त्याऐवजी एम १०१ जातीचा ‘पाऊण टनी’ ट्रेलर पाहावा. त्याचे रिकामे वजन सुमारे ६१० किलो असून खडबडीत जमिनीवर १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो, भार वाहण्याची त्याची क्षमता आहे. पेटी सुमारे ८ फूट लांब असून मागे फाळका असतो.

भार कोठे ठेवावयाचा हा यातील खरा प्रश्न होय. बैलगाडी भरणाऱ्यास हे तत्त्व नवे नाही. गाडी उलाळ भरली तर जू वर उचलले जाते. फार धुरजड भरली तर बैलांच्या मानेवर ओझे येते. मोटारीमागील ट्रेलर किंचित धुरजड असावा लागतो. ट्रेलर व माल मिळून जे एकूण वजन होईल, त्याचा १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या कडीवर यावयास पाहिजे. तो कमी पडल्यास वेग वाढताच ट्रेलरचा मागील भाग डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि हे झोके वाढत जाऊन पुढील वाहनासही रस्त्याबाहेर ओढतात.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, आसापासून कडीपर्यंतचे अंतर ८ फूट आहे, आस पेटीच्या मध्याखाली आहे आणि रिकाम्या ट्रेलरचा कडीवरील भार ६० किलो आहे. चारचाकी ३२० किलोची व ७ फूट लांब असून तिचा भार मध्यावर आहे असे धरू. ८ फुटांच्या पेटीत ती पार पुढे सरकविली तरी तिचा मध्य आसाच्या पुढे अर्धा फूटच जातो. त्यामुळे कडीवर ३२० गुणिले अर्धा भागिले ८, म्हणजे २० किलोंची भर पडते. कडीवरील भार झाला ८० किलो. एकूण वजन मात्र ९३० किलो असल्यामुळे निदान ९३ किलो हवेत. आता अवजारांची ४० किलोंची पेटी पुढील भिंतीशी, आसापासून साडेतीन फुटांवर, ठेवली की आणखी साडेसतरा किलो मिळतात. एकूण वजन ९७० किलो व कडीवर साडेसत्त्याण्णव किलो असा मेळ जेमतेम बसतो. तीच पेटी मागे फाळक्याशी ठेवली तर कडीवर केवळ साडेबासष्ट किलो उरतात. गाडी तीच, माल तोच, वजनही तेच. परंतु पहिला ट्रेलर सरळ चालेल आणि दुसरा भरवशाचा राहणार नाही. प्रत्यक्षात हा भार कडीखाली वजनकाटा ठेवून मोजावा, अंदाजावर सोडू नये. चारचाकीवरील फवारणीची टाकी नेहमी रिकामी करावी. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी हेलकावते व सगळा हिशेब बिघडविते.

गाडी चढविण्यापूर्वी ट्रेलर पुढील वाहनास जोडलेला असला पाहिजे. सुटा ट्रेलर, चारचाकी मागील टोकावर येताच, उलाळ होऊन आपटतो. पेटीचा तळ जमिनीपासून अडीच फूट उंच असेल तर ५ फुटी फळीचा चढ ३० अंशांचा होतो. एवढ्या चढावर चारचाकी मागे उलटून चालक तिच्याखाली सापडू शकतो. १० फुटी फळीने चढ १५ अंशांच्या आत येतो. फळ्या ट्रेलरला साखळीने बांधाव्यात, नाहीतर चाकांच्या रेट्याने त्या मागे सरकतात. हाताने फिरविण्याचा चरखा व दोर असल्यास गाडीवर न बसताच ती ओढून घ्यावी, हे अधिक चांगले. नंतर चार कोपऱ्यांना चार खटक्याचे पट्टे लावून गाडीच्या स्प्रिंगा थोड्या दाबल्या जातील इतपत ताणावेत.

जोडणीबाबत एक गोष्ट सहज नजरेआड होते. लष्करी ट्रेलरची कडी ३ इंच व्यासाची असून ती लष्करी वाहनाच्या उंच हुकासाठी केलेली असते. खाजगी पिकअप गाडीचा हुक खाली असल्यास ट्रेलर पुढे झुकतो. यास्तव हुकाची उंची जुळवून ट्रेलर समपातळीत आणावा आणि सुरक्षा-साखळ्या दांडीखालून तिढा देऊन लावाव्यात. दिवे २४ व्होल्टचे असतात. १२ व्होल्टच्या वाहनासाठी ते बदलावे लागतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडेवरील चार आकडी खूण वाचावी. तीत आठवडा व वर्ष दिलेले असते. लिलावाच्या वेळी नोंदणीसाठी लागणारा सरकारी दाखला, ‘स्टँडर्ड फॉर्म ९७’, मागून घ्यावा. एम १०१ ला उभा ठेवण्यापुरताच हातब्रेक असल्यामुळे थांबविण्याचा सारा ताण पुढील वाहनावर येतो, हे ध्यानात ठेवून उतारावर वेग आधीच कमी करावा.

आपल्याकडे कोकणात किंवा मावळात पॉवर टिलर एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना फळीचा चढ व भाराची जागा यांविषयी हीच दक्षता लागू पडते.

ट्रेलर झोके घेऊ लागल्यास जोराने ब्रेक दाबू नये. वेगाची कळ सोडून सुकाणू सरळ धरावे व गाडी थांबल्यावर माल पुढे सरकवावा. निघाल्यानंतर १०-१५ किलोमीटरांवर एकदा थांबून पट्टे पुन्हा ताणावेत व दोन्ही चाकांच्या तुंब्यांपाशी हात नेऊन पाहावा. एक तुंबा दुसऱ्यापेक्षा अधिक तापला असेल तर बेअरिंगमधील वंगण संपले असे समजून प्रवास तेथेच थांबवावा.