प्रत्येक चट्टा गजकर्णाचा किंवा कुष्ठाचा नसतो

रोवणीच्या दिवसांत ओल्या कपड्यांत राबून वडसा-देसाईगंज भागात गजकर्ण घरोघरी होते. त्यातच आपले जिल्हे कुष्ठरोगाचे. म्हणून चट्टा दिसला की ही दोनच नावे मनात येतात, आणि बहुधा ती बरोबरही असतात. क्वचित मात्र तो लिम्फोमा निघतो, म्हणजे पांढऱ्या पेशींचा त्वचेतच सुरू होणारा कॅन्सर.

यातला जास्त आढळणारा प्रकार ‘मायकोसिस फंगॉइडिस’. फ्रान्सच्या डॉ. अलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचे वर्णन केले. गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून बुरशीचे नाव चिकटले. बुरशीशी संबंध काहीच नाही. तो एकापासून दुसऱ्याला होतही नाही. चट्टा पाहून कुणाचे ताट वेगळे करणाऱ्यांनी, अंगभर फोडांनी सडलेल्या पूतिगत्त तिस्साला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली, हे आठवावे.

हे चट्टे बहुधा झाकलेल्या भागावर येतात: कंबर, कुल्ले, मांड्या. सावळ्या त्वचेवर, विशेषतः मुला-तरुणांत, ते फिकट दिसतात. कुष्ठाच्या चट्ट्यावर स्पर्श अनेकदा कळत नाही, इथे सहसा कळतो. पण घरी निकाल लावू नका. कुष्ठाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती आधी करा.

खरा घोटाळा मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड मलमाने होतो. २०१८ मध्ये अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली, तरी ट्यूब मिळतेच. चट्टा दबतो, पुन्हा उठतो, आणि वर्षे जातात.

काही महिने नीट उपचार करूनही चट्टे टिकले, तर त्वचारोगतज्ज्ञांना बायोप्सीबद्दल विचारा. त्वचेचा लहानसा तुकडा काढतात. त्याने कॅन्सर पसरत नाही. त्याआधी दोन ते चार आठवडे मलम बंद ठेवावे लागते, तेही डॉक्टरांना विचारूनच. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखालीही हा रोग इसबासारखाच दिसतो. म्हणून एका अहवालात ‘इसब’ आले तरी विषय संपत नाही. चट्टे राहिले तर पुन्हा, वेगवेगळ्या जागांवरून तुकडे घ्यावे लागतात. पेशींच्या खुणा ओळखणारी पुढची तपासणी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. त्यासाठी मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, मागून घ्या. तो नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दाखवता येतो.

लवकर सापडला तर मलमे आणि अतिनील किरणांच्या उपचारांवर बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे नेहमीसारखे जगतात. तपासणीला जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि चट्ट्यांचे तारखेसह काढलेले फोटो सोबत न्या.