कायद्याचे शिक्षण आणि तर्कविद्या

कायद्याचा विद्यार्थी अधिनियमांची कलमे पाठ करतो, निवाड्यांचे सारांश टिपून ठेवतो आणि परीक्षा उत्तीर्ण होतो. परंतु न्यायालयात दोन्ही पक्षांच्या हाती तेच कलम असते. वाद असतो तो त्याच्या अर्थाविषयी, आणि अर्थ कसा लावावा हे कलम स्वतः सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील न्यायालयांपुढे आलेला एक प्रश्न या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

एकुलता एक मुलगा दत्तक देऊ वा घेऊ नये, कारण पूर्वजांचा वंश त्याने चालवावयाचा असतो, अशा अर्थाचे वसिष्ठाचे एक वचन आहे. तरीही असे दत्तविधान झालेच, तर ते अवैध ठरते काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८८९ साली ते अवैध मानले; अलाहाबादच्या पूर्णपीठाने १८९२ साली वैध ठरविले. हा पंडितांचा शब्दच्छल नव्हता. मृताच्या घरादाराचा व जमिनीचा वारस कोण, हे त्या एका वचनाच्या अर्थावर ठरणार होते.

या वादात मीमांसाशास्त्रातील म्हणून एक नियम पुढे करण्यात आला. ज्या वचनाला कारण जोडलेले असते ते ‘विधी’ नव्हे, ‘अर्थवाद’ होय. म्हणजे ती आज्ञा नसून केवळ शिफारस ठरते, असा हा नियम. तो सोयीचा होता खरा. पण जैमिनीच्या सूत्रांतील मूळ अधिकरण काही वेगळेच सांगते. सुपाने होम करावा, कारण त्याने अन्न सिद्ध होते, अशा आशयाचे वेदवाक्य तेथे चर्चेस घेतले आहे. पूर्वपक्ष म्हणतो की, कारण हेच असेल तर पळीने किंवा भांड्यानेही होम चालावा; अन्न त्यांनीही सिद्ध होते. सिद्धान्ती हे नाकारतो. त्याच्या मते कारण सांगणारा भाग तेवढा अर्थवाद, म्हणजे सुपाची स्तुती होय; सुपाने होम करण्याची आज्ञा मात्र आज्ञाच राहते. तेव्हा कारण जोडल्याने आज्ञेचे बळ नाहीसे होते, हा निष्कर्ष येथून निघतच नाही. वाक्याच्या एका भागाविषयीचे विधान संपूर्ण वाक्याला लावले गेले. तर्कशास्त्राची थोडी सवय असलेल्या वाचकाला हा दोष चटकन दिसावा.

१८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने असे दत्तविधान वैध ठरवून वाद मिटविला. धर्मग्रंथातील निषेध हा नैतिक उपदेश आहे की कायद्याचा निर्बंध, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरला. येथे तर्कशास्त्राची मर्यादा संपते. अनुमान निर्दोष आहे की नाही, एवढेच तर्क सांगू शकतो. ‘करू नये’ आणि ‘केल्यास ते निष्फळ’ या दोहोंत भेद का मानावा, नीतीचा नियम कायदा केव्हा होतो, हे तत्त्वज्ञानाचे प्रश्न आहेत. ऑस्टिनपासून हार्टपर्यंतच्या विचारवंतांनी ते हाताळले आहेत. पण विद्यार्थ्याला त्यांची बहुधा नावेच लक्षात राहतात, प्रश्न राहत नाहीत.

कायद्याच्या वाढीत तर्कापेक्षा अनुभवाचा वाटा मोठा, असे अमेरिकन न्यायविद होम्स यांनी १८८१ साली प्रतिपादन केले होते. ते पुष्कळ अंशी खरे आहे. मात्र तर्काला कमी लेखण्यासाठी त्यांचा दाखला देणारे हे विसरतात की, होम्स स्वतः अत्यंत काटेकोर तार्किक होते.

पुराव्याच्या बाबतीत तर तर्काची चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते. परिस्थितिजन्य पुराव्यावर दोष सिद्ध करावयाचा असेल तर दुवे परस्परांशी जुळलेले हवेत आणि आरोपी निर्दोष असण्याची प्रत्येक वाजवी शक्यता त्यांनी नाहीशी केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात स्पष्ट केले आणि फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीस मुक्त केले. हेतू साध्याबरोबर आढळतो एवढ्यावर नैयायिकांचेही समाधान होत नाही; साध्य नसेल तेथे हेतूही नसावा, असा त्यांचा आग्रह असतो. धुरावरून अग्नीचे अनुमान शिकलेल्या विद्यार्थ्याला न्यायालयाची ही कसोटी परकी वाटण्याचे कारण नाही.

दोन्ही विद्या एकत्र शिकविण्याचा प्रयत्न नवा नाही. कलकत्ता विद्यापीठातील १९०५ सालच्या टागोर विधी व्याख्यानांसाठी किशोरीलाल सरकार यांनी मीमांसेचे अर्थनिर्णयाचे नियम हाच विषय निवडला होता.